तीन रहाटांचं पितळ

आमच्या वस्तीची विहीर गावातल्या विहिरीपेक्षा बरीच खोल होती. का, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. चांगल्या पाण्याची जागा ज्यांची त्यांच्याकडं आणि खडकाळ उतार आमच्याकडं. विहिरीच्या तोंडावर सागाचं एक लाकूड आडवं टाकलेलं होतं, त्यावरून दोर घासत बाया बालटी ओढायच्या. दोरानं त्या लाकडात बोट बुडेल एवढ्या खाचा पाडल्या होत्या. माझ्या मायची खाच डावीकडून पहिली.

माय वणीच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. एका हंगामात कापसाचं गाठोडं डोक्यावर चढवताना तिचा उजवा खांदा निखळला. वैदूनं तो बसवला, म्हणजे बसवला असं तो म्हणाला. त्यानंतर तो हात छातीच्या वर गेलाच नाही. वस्तीत कुणाकडं बाळ झालं की न्हाऊ घालायला मायलाच बोलावणं यायचं. ते न्हाऊ घालणं सुटलं, पण टाळू भरायला अजून तीच लागायची. डाव्या हाताच्या बोटावर तिळाचं तेल घ्यायची, बाळाच्या टाळूवर थेंब सोडायची आणि बोट गोल गोल फिरवत ते जिरवायची. रडकं पोरगंही गप्प व्हायचं.

पाणी मात्र त्या एका हातानं ओढलं जात नव्हतं. दोर दातात धरायची, डाव्या हाताची पकड बदलायची, पुन्हा ओढायची. हे पाहिलं की माझं डोकं फिरायचं. तुम्ही म्हणाल, मग तू का नाही भरलं पाणी? भरलं ना. पण मी राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला, कधी पहिली पाळी तर कधी तिसरी, आणि माझ्या पाळ्या पाहून घरातले माठ थोडेच रिकामे होतात. शिवाय लेकानं पाणी भरलं की मायला चारचौघींत मान खाली घातल्यासारखं व्हायचं. मी कामावर गेलो की ती मी भरलेलं पाणी झाडांना ओतून पुन्हा विहिरीवर जायची. असली बाई.

खाणीत मी फिटरच्या हाताखाली होतो. तिथं माल ओढायला हातानं फिरवायचं एक यंत्र होतं. त्याला दातेरी चाक, आणि चाकावर टेकलेली लोखंडाची एक जीभ. चाक पुढं फिरलं की जीभ टकटक करत दात्यांवरून उडते, मागं फिरायला लागलं की दात्यात अडकून बसते. तिला आम्ही कुत्रं म्हणायचो, कारण एकदा धरलं की सोडत नाही. हँडल सोडून बिडी ओढायला गेलात तरी वजन जागच्या जागी. ते पाहता पाहता एक दिवस माझ्या मनात आलं, हे विहिरीवर का नाही? बैलांची मोट असते, कप्पी असते, पण दमलेल्या बाईला मधेच थांबता येईल असं काही मी पाहिलं नव्हतं. दोर सोडला की बालटी गेलीच खाली. माझ्या रहाटाला कुत्रं असलं तर माय थोडं ओढेल, थांबेल, श्वास घेईल, पुन्हा ओढेल. आणि हँडल डाव्या हाताला.

शोध हा शब्द माझा नाही. वस्तीतले लोक पुढं म्हणायला लागले तेव्हा मी नाही म्हणालो नाही, एवढंच.

पहिला रहाट मी जमेल तेवढा लाकडाचा केला. बाभळीचे दोन खांब, मधे लोखंडी दांडा, दांड्यावर लाकडी ढोल. दांडा ज्या भोकात फिरतो तिथं आतून बसवायची जाड कडी, तिला बुश म्हणतात, तेही लाकडाचेच बसवले. ओले झाले की ते फुगायचे आणि दांडा हलायचा नाही. उन्हानं वाळले की ढिले व्हायचे, दांडा डुलायचा, आणि दांडा डुलला की कुत्र्याचा दात चुकायचा. एकदा असा चुकला, भरलेली बालटी खाली आणि हँडल गरकन फिरून माझ्या जबड्यावर. दोन दाढा हलल्या. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माय हसली नाही, पण हळदीचा लेप लावताना म्हणाली की कुत्रं पाळलं तर चावणारच.

त्या जबड्यानिशी मी वणीला गेलो. तिथं एक म्हातारे चाचा होते, जिनाचे रोलर आणि ट्रकचे सुटे भाग खरादावर, म्हणजे लेथवर, करून द्यायचे. शेजारीच एका ओताऱ्याची भट्टी. तो धातू ओतून द्यायचा आणि चाचा त्याला कातून, भोक पाडून माप द्यायचे. दोघांचं बहुतेक काम एकमेकांवर चालायचं. मी चाचांना दांडा दाखवला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की लाकूड विसर, इथं पितळेचा बुश पाहिजे. लोखंडावर लोखंड घासलं तर दांडाच खाईल. पितळ मऊ, ते स्वतः झिजेल आणि दांड्याला राखेल.

मग खरी अडचण सांगितली. एका जोडीसाठी ते मशीन बांधणार नव्हते. ओताऱ्यानं भट्टी पेटवायची, धातू वितळवायची मूस तापवायची, यांनी पट्टा चढवायचा, पाती लावायची, माप जुळवायचं, आणि करायचे काय तर दोन बुश. त्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात रोलर होऊन जातो. तीन रहाटांचं काम एकदम आण, म्हणाले, तर एका ओतण्यात सहाही बुश काढून देतो, मजुरी काय देशील ती दे. पितळ मात्र तुझं.

तीन रहाट खपवणं सोपं निघालं. खाणीजवळच्या मजुरांच्या चाळीत एक विहीर होती, तिथले लोक आधीच मागं लागले होते. तिसरा माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गावी. तिला महागावकडं दिली होती, तिथंही विहीर खोल आणि तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. प्रश्न पितळेचा होता.

आता इथं मला थोडं मागं जावं लागतं. छप्पन साली दसऱ्याला आमची अख्खी वस्ती नागपूरला जाऊन आली. परत आलो ते बुद्धाचे होऊन. आल्यावर घरोघरचे देव गोळा झाले. टाक, मूर्ती, घंट्या, समया, जे काही देव्हाऱ्यात होतं ते सूप भरभरून निर्गुडा नदीच्या डोहात सोडलं. त्यात आजही मला काही चुकलं असं वाटत नाही. ज्या देवांच्या दारात आम्हाला उभं राहता येत नव्हतं त्यांना घरात कायले ठेवायचं. मी तेव्हा वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो, वय कोवळं आणि आवाज मोठा. डोहाच्या काठावर उभं राहून मी भाषण ठोकलं की आजपासून ज्याच्या घरी देव सापडेल त्याच्या घरचं पाणी आम्ही पिणार नाही. टाळ्या पडल्या. मायनंही आपलं गाठोडं पाण्यात सोडलं. ते टपकन बुडालं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तर तीन वर्षांनी तोच सेक्रेटरी दारोदार पितळ मागत फिरत होता. घरोघर काय, तर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. एकानं मोडका नळ दिला, एकीनं बुड गेलेला तांब्या दिला. चाचांनी ते हातात घेऊन हसून विचारलं की तुमच्या वस्तीचं सगळं पितळ तर नदीनं खाल्लं ना बाप्पा, आता कायचे बुश करतो? बरोबरच्या एकानं बुडी मारून पाहू म्हटलं तर मी त्याच्यावर असा भडकलो की तो आठवडाभर बोलला नाही. घरी आलो तरी माझी कुरकुर चालूच. नळ आणि तांब्या मिळून एक जोडीसुद्धा होत नाही, चाचा एका जोडीला हात लावत नाही, उन्हाळा तोंडावर आलेला. माय चुलीपाशी बसून ऐकत होती.

सकाळी मी आंघोळ करून आलो तर माझ्या ताटाशेजारी एक गाठोडं होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, ज्वारीच्या भुश्यानं माखलेलं. मी सोडलं. आत आमचे देव होते. सगळे. घंटी, समई, दोन भरीव मूर्ती, टाक.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो रागाचा. मग डोहात काय सोडलं होतं? गोटे, म्हणाली. देव तीन वर्षं कणगीत ज्वारीखाली होते. मी बोलायला सुटलो. सेक्रेटरीच्या घरात देव, लोकांना कळलं तर माझी काय इज्जत राहील, तुझ्या हातचं पाणी कोण पिईल, तुला काही समजते का. ती खाली मान घालून ऐकत राहिली, पोरासोरांनी चोरी पकडल्यावर म्हातारं माणूस बसतं तशी. आणि खरं सांगतो, बोलता बोलता माझा हात त्या गाठोड्याखाली गेला होता. मी वजन घेत होतो. तीन जोड्या नक्की होतील, हे माझ्या हाताला तोंडाच्या आधी कळलं.

“वितळून टाक,” ती म्हणाली. “पाण्याच्या कामी येतीन.”

टाकांमध्ये एक अगदी लहान होता, पत्र्यासारखा पातळ, त्यावर उभं लेकरू कोरलेलं. तो देव नव्हता. माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता, चालायला लागल्यावर तापानं गेला. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं टाक घडवून देव्हाऱ्यात ठेवायची आमच्याकडं तेव्हा रीत होती, तसा तो त्याचा टाक. लहानपणी सणाला त्याच्यापुढं घुगऱ्या ठेवून मगच मला मिळायच्या, म्हणून माझा त्याच्यावर रागही होता. मी तो पाहिला. मायनंही मला पाहताना पाहिलं. तिनं हात पुढं केला असता तर मी दिला असता. पण ती हात पुढं करेपर्यंत मी थांबलोच नाही, भरभर गाठ मारली आणि सायकलला अडकवून निघालो. शिव्याही द्यायच्या आणि घ्यायचंही, असा तो मी.

ओताऱ्यानं गाठोडं सोडलं आणि हात मागं घेतला. त्याच्या कामात एक नेम होता. भांडं असेल तर तो मोडून मुशीत टाकायचा, पण देव असतील तर स्वतःच्या हातानं टाकायचा नाही. ज्याचे त्यानं टाकायचे. मला हे माहीत नव्हतं. त्यानं माझ्या हातात लांब सांडशी दिली आणि भट्टीचं तोंड उघडलं. चाचा दारात येऊन उभे राहिले. मी मनातल्या मनात म्हटलं, हे पितळ आहे, बाकी काही नाही, असंच तर मी भाषणात सांगतो. नळ गेला, तांब्या गेला. घंटी गेली. मूर्ती हळूहळू बसल्या. लहानगा टाक मी मागं मागं ठेवत गेलो आणि शेवटी तो एकटाच राहिला.

“सगळंच टाकायचं का?” चाचांनी विचारलं.

मी हाव म्हटलं. सांडशीत धरला तेव्हा तो इतका हलका होता की सुटला की काय वाटलं. मुशीत पडल्याचा आवाजही आला नाही.

पुढचं काम फार सुंदर झालं, हे मला मान्य करावंच लागतं. ओताऱ्यानं मातीच्या साच्यात ओतून सहा तुकडे काढले, काळे, खडबडीत. चाचांनी एकेक खरादावर चढवला. पात्यातून पिवळ्या जिलब्या निघत होत्या आणि आत सोन्यासारखं उघडं पडत होतं. प्रत्येक बुशाला वरून तेल सोडायला एक बारीक भोक पाडलं. दांडा आत घातला तर ना सैल ना घट्ट, नुसता हात लावला की फिरतो. दातेरी चाकं आणि कुत्रीही त्यांनीच घासून दिली. खरादाचा चुरा नेहमी खरादवाल्याचा असतो, पण त्या दिवशी चाचांनी खाली बसून तो सगळा झाडून गोळा केला आणि कागदात बांधून माझ्यापुढं धरला, हे तुझं घेऊन जा म्हणाले. मला तिथून निघायची घाई होती. मी म्हटलं, राहू द्या, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. त्यांनी पुडी थोडा वेळ हातात धरून ठेवली आणि मग फळीवर ठेवून दिली.

विहिरीवर रहाट बसला तेव्हा वस्ती लोटली. मी काय, संधी सोडणाऱ्यातला नव्हतो. खांबावर हात ठेवून समजावून सांगितलं की हे दातेरी चाक, हे कुत्रं, आणि हा इथं पिवळा दिसतो तो बुश. बुश कायले, तर दांडा झिजू नये म्हणून. बुश झिजासाठीच असते, मी म्हटलं, त्याचं कामच ते. फिरन तेवढा झिजन, आणि संपला की नवा घालायचा. लोकांनी माना डोलावल्या. पितळ कुठून आणलं हे कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तर मी भंगारातून म्हणणार होतो. माय मागं उभी होती. पहिली बालटी तिनं ओढावी म्हणून बायांनी तिला पुढं ढकललं, तर ती म्हणाली, आज तुम्हीच ओढा, मी उद्या ओढतो. आणि जुनं सागाचं लाकूड काढू नको, कधी मशीन बिघडलं तर लागन.

तो उद्या आलाच नाही. वस्तीतल्या सगळ्या बाया रहाटावर आल्या. हँडल डावीकडं म्हणून आधी कुरकुरल्या, मग त्यांची सवय अशी बदलली की डाव्या हातानं सपासप ओढायला लागल्या. पोटुशी बाई मधेच थांबून कमरेवर हात ठेवायची आणि बालटी मधे लटकत राहायची, हे पाहून माझी छाती फुगायची. आणि ज्या एका बाईसाठी हँडल डावीकडं होतं ती बाजूला, जुन्या लाकडावर, दोर दातात धरून पाणी ओढायची.

मी आधी समजावलं. मग चिडलो. लोक मला चिडवायला लागले की सेक्रेटरीच्या मायलाच सेक्रेटरीच्या मशीनचा भरवसा नाही. मी घरी येऊन तिच्यावर ओरडायचो. मले सवय नाही रे, एवढंच ती म्हणायची. भीती वाटते का? नाही. हात दुखते का? नाही. मग काहून? सवय नाही. मनातून मला वाटायचं ते वेगळंच. तिचे देव मी वितळवले याचा तिच्या मनात राग आहे, आणि ती मला असं चारचौघांत सुनावते आहे. मग मी आतल्या आत नव्या धम्माचे मुद्दे जुळवत बसायचो. स्वतःला दोष लागू नये म्हणून माणूस किती हुशार होतो पाहा.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आणखी खाली गेलं. मी पहिल्या पाळीवरून परतत होतो. विहिरीवर बाया गोळा झालेल्या. मायच्या दातातून दोर सुटला होता, ओढीनं ती काठावर पालथी आदळली होती. एकीनं लुगडं धरलं म्हणून ती आत गेली नाही. ओठ फाटलेला, डाव्या हाताचं कातडं दोरानं सोललेलं. चांगला तेवढा एकच हात, आणि त्याचंही हे झालं. मी तिला घरी आणली. हात धुताना माझा तोल सुटला. मेली असतीस, म्हटलं, माझ्यावरच्या रागासाठी मेली असतीस. देव पाहिजे होते तर दिले कायले?

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग वगैरे काही नव्हता तिथं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

“देवाचं काय घेऊन बसला,” ती म्हणाली. “तूच तर सांगत होता, बुश झिजासाठीच असते. मी फिरवलं का तो झिजते रे.”

मग तिनं सगळं सांगितलं. देव बुडवायचं तिला काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी तिचं काय भलं केलं होतं. पण त्यांच्यासोबत लेकराला डोहात सोडायचं तिच्यानं झालं नाही, आणि एकटा त्याचाच टाक ठेवला असता तर ज्वारीखाली एकटा राहिला असता, म्हणून सगळेच ठेवले. मी पितळ नाही म्हणून हातपाय आपटत होतो तेव्हा तिला वाटलं, जित्या लेकाचं काम अडलं. तिनं दिला. पण आपल्या हातानं त्याला झिजवणं तिला जमत नव्हतं. बाकीच्या बायांना माहीत नाही, त्यांनी फिरवलं तर चालते. हे सारं ती अपराध्यासारखी सांगत होती, जशी चूक तिचीच.

मी तडक उठलो. रहाट उकलला, दोन्ही बुश काढले. वर्षभरात ते खालच्या अंगानं पातळ झाले होते, आतून आरशासारखे गुळगुळीत. ते फडक्यात घेऊन मी सायकलनं वणीला गेलो. चाचांना म्हटलं, लोखंडाचे बुश द्या, दांडा झिजला तर झिजू द्या. आणि तो लहान टाक कोणत्या बुशात गेला ते सांगा. तो चुरा कुठं आहे? चुरा तर कधीच दुसऱ्या कामात गेला होता. तू नाही म्हणालता ना, ते म्हणाले. टाक कुणाचा ते ऐकल्यावर मात्र त्यांनी चालता खराद थांबवला.

“एक मूस, एक ओतणं,” ते म्हणाले. “तीन कप चहा एका पातेल्यातला असला, तर साखर कोणत्या कपात गेली, मी कसं सांगू?”

एका जोडीसाठी मशीन बांधत नाही, म्हणून तीन जोड्या. तीन जोड्या म्हणून सगळं गाठोडं. दोन जोड्या आता खाणीच्या चाळीत आणि बहिणीच्या गावी फिरत होत्या, रोज, दिवसभर. मला परत काय आणता येणार होतं? चाचांनी पडलेल्या भंगारातून लोखंडी बुशांची एक जोडी कातून दिली. या वेळी त्यांनी एका जोडीसाठी मशीन बांधलं आणि मजुरीचं नाव काढलं नाही.

घरी येऊन मी पितळेचे दोन्ही बुश मायच्या ओंजळीत ठेवले. हाताला पट्टी होती, तिनं ते पट्टीवरच घेतले. उलटे केले, आतून बोट फिरवलं.

“ह्याच्यात हाये का तो?”

खोटं बोलायची वेळ असती तर तीच होती. हाव म्हटलं असतं तर ते बुश तिनं पुन्हा ज्वारीखाली ठेवले असते आणि विषय मिटला असता. पण गाठ मारताना केलेली घाई मला पुन्हा करायची नव्हती. मी सांगितलं की थोडासा यात आहे. थोडासा चाळीच्या विहिरीवर आहे, थोडासा ताईच्या गावी. वेगळा काढता येत नाही. काही खरादाखाली पडला, तो मी आणलाच नाही. माय, माझं चुकलं, म्हटलं. मी त्याला भट्टीत टाकताना थांबलोही नाही.

ती रडेल असं मला वाटलं. ती हिशोब लावत होती. ताईच्या गावीही? हाव. ताईचं लेकरू त्याच पाण्यानं न्हाते? हाव. तिनं बुश पुन्हा एकदा उलटे केले. मग मला म्हणाली, चाळीतल्या बाया फिरवतात, ताई फिरवते, आणि मीच त्याला घरात घेऊन बसू का. बसव परत.

मी नाही म्हटलं, लोखंडाचे आणले आहेत म्हटलं. तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पितळेचेच बुश पुन्हा खांबांत बसवले. माय कडेला उभी होती. बसवून झालं तसं मी तेलाची कुप्पी घेतली, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. पट्टी बांधलेल्या डाव्या हाताच्या बोटावर तेल घेतलं. बुशावरच्या त्या बारीक भोकावर एक थेंब सोडला, आणि बोटाच्या टोकानं गोल गोल फिरवत तो जिरवला. मग दुसऱ्या खांबाकडं जाऊन तिथंही तसंच. वस्तीतल्या बाया पाहत होत्या. त्यांना वाटलं, म्हातारी मशीनला तेल घालते आहे.

मग तिनं हँडल धरलं आणि फिरवलं. अर्ध्यात थांबली, दम घेतला. कुत्र्यानं बालटी धरून ठेवली. सागाचं लाकूड मी त्याच दिवशी काढलं.

ती होती तोवर त्या रहाटाला रोज सकाळी तेल तिनंच घातलं, दुसऱ्या कुणाला घालू दिलं नाही. मी सुट्टीला घरी असलो तर ती वेळ साधून मागच्या दारानं निघून जायचो. तिचं बोट त्या भोकावर फिरताना मला पाहवत नव्हतं.